ट्रंका आधी, कौलं नंतर

नाताळनंतरच्या टपालात दरवर्षी ठरलेले प्रश्न असतात: समई कशाने घासावी, आजोबांच्या पगडीला कसर लागली, काय करू. यंदा गठ्ठा सोडला तर त्यातून चर्चच निघाली. पाच पत्रं, पाचही आपल्या सातारा-सांगलीतली. नव्या वाचकांसाठी सांगते, माझी तीस वर्षं साताऱ्यात सरकारी दप्तरखान्यात जुने कागद झटकण्यात गेली आणि माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. तेव्हा या विषयात मी तटस्थ आहे असं समजू नका. समया पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न: ताई, सलाम. आमचं चर्च लहान आहे, चाळीस बाय वीस. खिडक्यांपर्यंत काळा दगड, वर वीट, मंगळोरी कौलं. माझ्या लहानपणी नाताळला मुलांना खिडकीत बसवावं लागे. आता गावात ख्रिस्ती घरं तीन आणि माणसं सात. बाकीचे पुण्याला, पिंपरीला, ठाण्याला. पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. पंचकमिटीने ठरवलंय की ईस्टरची उपासना शेवटची, मग आम्ही तालुक्याच्या मंडळीत जायचं. ठरावावर माझीही सही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत व्यासपीठ आहे, प्रभुभोजनाचा पेला आणि ताटली आहे, बिघडलेली बाजाची पेटी आहे, कागदांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. मागे कबरस्तान. पोरं म्हणतात, कागद रद्दीला घाला, लाकूड विकून पैसे वाटून घेऊ. मी सुरुवात कुठून करू?
(निवृत्त शिक्षक, कोरेगाव तालुका)

उत्तर: गुरुजी, सलाम. ट्रंकांपासून. आणि ईस्टरची वाट न बघता, याच आठवड्यात.

तुम्ही ट्रंका चौथ्या नंबरला लिहिल्यात, मोडक्या पेटीच्याही मागे. सगळेच तसं लिहितात. चर्च बंद होणार म्हटलं की माणूस वर बघतो: कौलं, वासे, घंटा. पण शाकारणी चुकली तरी दगडी भिंत दहा पावसाळे काढते. वही मात्र एका साफसफाईत जाते, आणि साफसफाई करणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटतही नाही.

तुमच्या ट्रंकांत काय असेल ते मी न बघता बरंचसं सांगू शकते. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही. पंचकमिटीच्या ठरावांची वही, तिच्यात निम्मी भांडणं. वर्गणीचा हिशेब. शब्बाथ शाळेची हजेरी. हंगामाच्या सणाच्या लिलावाची यादी. माझ्या वडिलांच्या अक्षरातली अशी एक यादी माझ्याकडे आहे: भोपळा एक, सव्वा रुपया; कोंबडी एक, साडेतीन; शेंगा दोन पायली, आणि पुढे ज्याने सोडवल्या त्याचं नाव. त्या एका पानावरून कळतं की त्या साली कोणाकडे पैसा होता, कोणाच्या शेतात काय पिकलं होतं आणि गावातल्या कोणकोणत्या हिंदू घरांनी चर्चच्या लिलावात बोली लावली होती. शेवटचं मला कोणत्याही छापील इतिहासात सापडलेलं नाही.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला १८३१ साली, साताऱ्यात १८४९ साली. त्या साहेबलोकांनी बोस्टनच्या मुख्य कचेरीला पाठवलेली पत्रं आणि अहवाल आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात खोक्यांत लावून ठेवलेले आहेत. त्यांची काळजी आपण करायला नको. पण त्या अहवालांत तुमच्या गावाच्या वाट्याला फार तर एक आकडा येणार, अमुक इतके सभासद. त्या आकड्यातली माणसं कोण होती, हे तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आता हाताने करायचं काम. ट्रंक अंगणात ओतू नका. व्हरांड्यात सतरंजी टाका, तोंडाला रुमाल बांधा, कारण बुरशी फुप्फुसात जाते. एकेक वही वरून उचलायची आणि ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ठेवायची. ओल लागली असेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात घातली की कागद कडक होतो आणि शाई उडते. धूळ मऊ कुंच्याने, पाठीकडून बाहेर. वाळवीची माती दिसली तर ती ट्रंक घरातल्या दुसऱ्या कागदांजवळ नेऊ नका. टाचण्या आणि क्लिपा गंजलेल्या असतील, त्या हलक्या हाताने काढा, ओढू नका. प्रत्येक वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने नंबर घाला. बॉलपेन नको, शिक्का तर मुळीच नको. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. आपल्याकडे पोथ्या बांधतात तशाच. डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर पुरचुंडीत, कागदाला न चिकटता.

दोन गोष्टी करू नका. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन करू नका. दुसरीबद्दल मी अधिकाराने बोलते. बाबांची कीर्तनाची वही होती, निळ्या शाईची, पूर्वरंग-उत्तररंग सगळा मांडलेला. १९९६ साली, ती फाटू नये म्हणून, मी तिची पानं सुटी करून गरम प्लास्टिकमध्ये दाबून आणली. दुकानदाराने सांगितलं तेवढंच चोख करून दिलं; अक्कल माझी कमी पडली. चार-पाच वर्षांत पानं चहाच्या रंगाची झाली, शाई फिकी पडत गेली. आता प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागद त्याच्याबरोबर येतो. दप्तरखान्यात नोकरी करणाऱ्या बाईने हे केलं. म्हणून सांगते, जे उलटं फिरवता येत नाही ते करू नका.

मग फोटो. नातवाच्या मोबाइलवर, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कडेला फूटपट्टी ठेवून, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत. कोरी पानंसुद्धा. फोटोच्या तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर कोणाकडे तरी.

पण गुरुजी, हे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत माणसाचं आधीचं नाव, जात, कधी कधी 'दुष्काळात आले' असले शेरेही असतात. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशानंतर, म्हणजे ख्रिस्ती झालेल्याला त्या सवलती नाहीत असं ठरल्यावर, धर्माच्या रकान्याला आपल्याकडे काय वजन आलं हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांची नातवंडं हयात आहेत त्यांची पानं त्यांना दाखवा, चावडीवर वाचू नका. माझ्या मते जपणं आणि जाहीर करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हल्ली पहिलं न करता दुसरंच केलं जातं.

मूळ वह्या कोणाच्याही घरी जाऊ देऊ नका, तुमच्याही. लग्नाची वही तर १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची, ती मंडळीच्याच ताब्यात हवी. तालुक्याच्या चर्चमध्ये एक लोखंडी कपाट मागून घ्या, नंबरवार यादी करा, यादीवर पाळकसाहेबांची आणि सेक्रेटरींची सही घ्या, एक प्रत धर्मप्रांताच्या कचेरीत द्या. पुढेमागे तिथेही जागा नाही म्हणाले, तर बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागाराला पत्र लिहून विचारा. असले कागद सांभाळणं हेच त्यांचं काम आहे.

पेला आणि ताटली जिथे प्रभुभोजन होतं तिथेच जावी. घरच्या शोकेसमध्ये नको, भले घर पाळकांचं असो. व्यासपीठही तालुक्याच्या मंडळीला द्या आणि मागच्या बाजूला गावाचं नाव कोरलेली पट्टी मारा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी विचारलं तर लाकूड बोलेल. पेटीचं तुम्हीच बघा. भाता फाटला असेल तर काम सोपं आहे.

आता इमारत. तिच्यावर थोडक्यात लिहिते, कारण ती एकट्या तुमच्या हातात नाही. आधी धर्मादाय कचेरीतून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढा आणि जागा कोणाच्या नावावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायचीसुद्धा लागते. त्यामुळे 'विकून वाटून घेऊ' म्हणणाऱ्या पोरांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवा. आवाज शाळेतलाच लावा.

आणि कुलूप लावलंत तरी पंधरा दिवसांनी एकदा खिडक्या उघडा. बंद खोलीत ओल साठते, वटवाघळं येतात, भिंतीच्या सांध्यात पिंपळ धरतो. पिंपळ बोटभर असतानाच काढायचा. भिंत चुन्यात बांधलेली असेल तर भेगा सिमेंटने लिंपू नका. सिमेंट ओल आत कोंडतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. आगोटीआधी कौलं परतून घ्या, कोन्याची आधी. परतताना दोन-चार कौलं उलटी करून पाठीवरचा छाप वाचा. मंगळोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूरला काढला तो बासेल मिशनने. तुमच्या छपरावर त्यांचा छाप निघाला तर फोटो मला पाठवा. हा हट्ट माझा स्वतःचा आहे.

कबरस्तान राहिलं. चर्च बंद होतं, कबरस्तान होत नाही, हे ठरावात लिहून घ्या. दगडावरची अक्षरं सकाळी आठच्या आत वाचा, तिरप्या उन्हात उठून दिसतात. तारेचा ब्रश, ॲसिड, चुना काही लावू नका. साधं पाणी शिंपडा. पाचगणीला सेंट पीटर्सच्या आवारात जॉन चेसनची कबर बघायला पर्यटक जातात, पाचगणी वसवणारा म्हणून. हिंदुस्थानातल्या युरोपियन कबरींची नोंद ठेवणारी एक संस्था इंग्लंडात १९७६पासून आहे. साहेबांचं दगडावरचं नाव वाचायला माणसं आहेत. तुमच्या कबरस्तानात जी बायबलबाई, घरोघरी बायबल वाचून सांगणारी, निजली असेल, दगडही नसलेली, तिची जागा दाखवू शकणारं माणूस आता तुमच्या गावात किती वयाचं आहे? त्याला आधी घेऊन जा.

प्रश्न: माझी मुलगी नेदरलँड्समध्ये असते. तिने मास्ट्रिक्टचं एक चर्च दाखवलं, आत चक्क पुस्तकांचं दुकान! आपल्याकडेही असं होईल का? व्हावं का?
(एक वाचक, सांगली, विश्रामबाग)

उत्तर: तुम्ही बघितलंत ते डॉमिनिकन पंथाचं चर्च, तेराव्या शतकातलं. क्रांतीनंतरच्या फ्रेंचांनी ते शहर घेतलं तेव्हापासून तिथली उपासना थांबली. मग ते गोदाम झालं, सायकली ठेवायची जागा झालं आणि २००६ साली पुस्तकांचं दुकान झालं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पुस्तकांचा काळा पोलादी सांगाडा भिंतींना न टेकता आत स्वतंत्र उभा केलाय. उद्या नको झाला तर काढून नेता येईल, चर्च होतं तसं उरेल. आणि एक गोष्ट खटकते. वेदी असायची त्या भागात कॉफी पितात, तिथलं लांब मेज क्रुसाच्या आकाराचं केलंय. ही गंमत मला पचत नाही. तुमच्या मुलीला कदाचित पचेल.

युरोपात चर्च बंद पडतात ती मुख्यतः माणसं येईनाशी झाली म्हणून. माणसं तिथेच, त्याच गल्लीत असतात, फक्त येत नाहीत. इतकी बंद पडली की त्यांच्याकडे त्याची रीतभातच तयार झाली आहे. इंग्लंडात उपासना थांबलेली चर्च सांभाळायला १९६९ साली एक निधी उभा राहिला, तो आज साडेतीनशेहून जास्त चर्च सांभाळतो. उट्रेख्टच्या धार्मिक कलेच्या संग्रहालयाने चर्चमधल्या वस्तूंचं काय करावं याची मार्गदर्शिका काढली आहे. २०१८च्या नोव्हेंबरात रोममध्ये याच विषयावर परिषद भरली आणि कॅथलिक चर्चने आपली सूत्रं ठरवली. सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच: आधी यादी, मग कशाला किती मोल आहे त्याचा विचार, मग वस्तू शक्यतो दुसऱ्या मंडळीत वापरात, आणि विक्रीबिक्री सगळ्यात शेवटी.

आपल्याकडचं कारण वेगळं आहे. वरचं कोरेगावचं पत्र वाचा. त्यांची मंडळी विश्वास सोडून गेलेली नाही, पिंपरीला गेलेली आहे. तिथल्या चर्चमध्ये रविवारी चपला ठेवायला जागा नसते. म्हणून 'चर्च बंद पडलं' असं म्हणताना मी जरा अडखळते. गावाकडचं घर बंद पडतं तसं ते पडलंय. आणि गावाकडच्या घराचं जे होतं तेच त्याचं होतं. वर्षातून एकदा जत्रेला, इथे नाताळला, सगळे येतात, कौलं बघून हळहळतात आणि सोमवारी परत जातात.

पुस्तकांचं दुकान होईल का? आपल्या गावात पुस्तकांचं दुकान चालत असतं तर चर्चची जागा कशाला शोधावी लागली असती! बालवाडी, अभ्यासिका, दवाखान्याचा आठवड्यातला एक दिवस, हे होऊ शकतं. अट एकच, मास्ट्रिक्टची: भिंतीला हात लावायचा नाही.

प्रश्न: आमच्या चर्चची घंटा उतरवली. तीवर इंग्रजीत 'मेनीली, वेस्ट ट्रॉय, न्यूयॉर्क' असं आहे. खाली साल होतं, पण मंडळीतल्या महिलांनी दरवर्षी नाताळला पावडरने घासून घासून ते गेलं. इथे पूर्वी असलेल्या एका मिशनरीची पणती अमेरिकेतून पत्र लिहिते की घंटा आमच्या घराण्याची आठवण आहे, खर्च आम्ही करू, पाठवा. काही जण तयार आहेत.
(मंडळीचा सेक्रेटरी, सातारा)

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, पाठवू नका. मनात असलं तरी पाठवता येणार नाही.

मेनीली हे न्यूयॉर्क राज्यातलं घंटा ओतणारं नावाजलेलं घराणं. त्यांचा कारखाना होता ते वेस्ट ट्रॉय गाव १८९६च्या सुमारास शहर झालं तेव्हा त्याचं नाव बदलून वॉटरव्लिट ठेवलं. म्हणजे तुमच्या महिलांनी साल पुसलं तरी गावाने ते राखलं आहे: वेस्ट ट्रॉय लिहिलेली घंटा एकोणिसाव्या शतकातलीच मानायला हरकत नाही. शंभर वर्षं केव्हाच उलटली. आणि शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणतीबाईंना हे नम्रपणे कळवा. त्यांचा रागही येऊ देऊ नका. पणजोबांची आठवण कोणाला नसते? त्यांना घंटेचा ठसा पाठवा. अक्षरांवर पातळ कागद ठेवायचा आणि मेणाच्या खडूने हलका घासायचा, सुताराने केलेल्या नक्षीचा काढतात तसा. शिवाय घंटेचा नाद रेकॉर्ड करून पाठवा. तो त्यांच्या पणजोबांनीही ऐकला असेल.

त्या ठशाच्या कागदावर सालाचा एखादा आकडा उमटण्याची शक्यता आहे. डोळ्यांना न दिसणारा उठाव खडू पकडतो.

यापुढे पावडर बंद. चिंचही बंद. घंटेचं कासं काळपट हिरवट दिसतं ते मळ नव्हे, ती त्याची साय आहे. कोरड्या फडक्याने पुसा, बास. आणि ती जमिनीवर ठेवलेली असेल तर लाकडी ठोकळ्यांवर घ्या. काठावर टेकलेली घंटा कोणी ढकलली की तडा जातो, आणि तडा गेलेली घंटा पुन्हा कधीच पूर्वीसारखी वाजत नाही.

प्रश्न: आमच्याकडे चर्चच्या जुन्या वह्या हळदीच्या पोत्यात ठेवल्या आहेत, किडे लागू नयेत म्हणून. हे बरोबर आहे ना?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: सांगलीकर हळदीवर विश्वास टाकणार नाहीत तर कोण टाकेल! पण नाही. हळदीत पिष्ट असतं, त्यावर किडे जगतात, आणि कागद पिवळा होतो तो कायमचा. वह्या आजच काढा, कुंच्याने झटका.

त्याहून मोठा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: पोतं कोणत्या मजल्यावर आहे? २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तळमजल्यावर असेल तर माळ्यावर न्या. आणि देव न करो, पण वह्या भिजल्याच, तर पानं सोडवत बसू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या वहीला बुरशी धरत नाही; पूर ओसरला, वीज आली, हातपाय मोकळे झाले की एकेक काढून टिपकागदात वाळवा. आइस्क्रीमवाला हसेल. हसू द्या.

प्रश्न: माझी आजी ८६ वर्षांची आहे. मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. तिला 'उपासना संगीत' या आमच्या गाण्यांच्या पुस्तकातली गाणी जुन्या चालींवर येतात. आमच्या चर्चमध्ये आता कीबोर्ड आहे, नवी गाणी आहेत, आणि आजीचं लहानपणीचं गावातलं चर्च तर पडलंच. पुस्तकात शब्द आहेत, चाली नाहीत. मला सूर-ताल कळत नाही. मी काय करू शकते?
(आयटीत नोकरी करणारी वाचक, मूळची मिरज, सध्या पुणे)

उत्तर: बाळ, पाच पत्रांत हे सगळ्यात घाईचं आहे. ट्रंका कापडात बांधून ठेवता येतात.

ज्या गाण्यांना आपण 'चर्चची गाणी' म्हणतो त्यांतली निम्मी अभंग आहेत, ओव्या आहेत, साक्या-दिंड्या आहेत. नगरचे कृष्णाराव सांगळे कीर्तन करत, टाळ-मृदंगासकट. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेकडो पदं लिहिली, आणि ती लिहिताना त्यांच्या कानात तुकाराम होते, ऑर्गन नव्हता. हेच टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनी एका सतरंजीवर बसावं, अशी ती कल्पना. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ला, मुंबईत ते वारले. दरबार पुढे टिकला नाही. पण त्यांची गाणी ज्या त्या गावातल्या लोकांनी आपापल्या गळ्यात बसवून घेतली, म्हणून एकाच पदाच्या कोरेगावची चाल वेगळी, मिरजेची वेगळी. पुस्तकात वर नुसतं 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. ते दुसरं गाणंही आता कोणाला येत नाही. म्हणजे कुलूप आहे, किल्लीचं नाव लिहिलंय, आणि किल्ली तुझ्या आजीजवळ.

तुला सूर कळत नाहीत हे उलट चांगलं. तू दुरुस्त करायला जाणार नाहीस. आजीला पेटीवर गायला लावू नकोस, पेटी तिला आपल्या पट्टीत ओढेल. तिची जी पट्टी असेल ती. दुपारी झोप झाल्यावर, चहा झाल्यावर बस. पंखा बंद, फ्रीजसुद्धा थोडा वेळ बंद, खिडकी लावून घे. फोन तिच्यापासून हातभर, उशीवर ठेव, मेजावर नको, मेज घुमतं. सुरुवातीला तूच तारीख, गाव आणि आजीचं नाव बोल. आधी गाणं मागू नकोस. विचार, 'हे तुला कोणी शिकवलं?' ती आईचं नाव सांगेल, मेट्रनबाईंचं सांगेल, रात्रपाळीला वॉर्डात कोण काय गुणगुणायचं ते सांगेल. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेला तो दवाखाना. त्याच्या ओसरीवर कुठली पदं म्हटली जात, हे कुठल्याच अहवालात मिळणार नाही. गाणं आपोआप येईल.

एका बैठकीत तीन गाण्यांहून जास्त नको. फाइल व्हॉट्सॲपवर साधी पाठवलीस तर ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तीन ठिकाणी ठेव. घरातलं जुनं पुस्तक घेऊन तिने म्हटलेल्या पदाच्या नंबरापुढे पेन्सिलीने खूण कर.

शब्द चुकले तर चुकू देत. कडवं विसरली तर थांब, सुचवू नकोस. आणि मध्येच थांबून ती म्हणाली, 'नाही गं, ही सातारकरांची चाल, आपली वेगळी,' तर तेवढं कापू नकोस.